बोरपाटीच्या म्हशींची वाट

झुंबरबाई म्हशी घेऊन उताराला लागली तेव्हा धरणावर धुकं होतं आणि त्या धुक्यात नारिंगी रंगाचं काहीतरी ओळीनं तरंगत होतं. तिला आधी वाटलं, कुणीतरी भोपळे सोडलेत पाण्यात. जवळ गेल्यावर दिसलं, प्लॅस्टिकचे फुगीर डबे होते. त्यांच्यातून ओवलेला जाड दोर काठाकाठानं, म्हशींच्या वाटेला आडवा ताणून बांधला होता. सगळ्यात पुढं चालणारी चंद्री पाण्याशी थबकली, नाक वर करून फुरफुरली आणि मागं वळून बाईकडं बघायला लागली.

"बगतीस काय? आपलीच वाट हाय," झुंबरबाई म्हणाली आणि लुगड्याचा काचा आवळून पाण्यात उतरली.

वडजाईचं धरण बांधलं तेव्हा जुनं बोरपाटी पाण्याखाली गेलं होतं. माणसांना नव्या बोरपाटीत, डोंगराच्या खडकाळ सोंडेवर, घरं मिळाली. गायरान मात्र पलीकडच्या अंगाला राहिलं आणि मध्ये धरणाच्या पाण्याचा एक फाटा शिरला. वळसा घालून जायचं तर धरणाच्या भिंतीवरून जावं लागे आणि भिंतीवर जनावरांना सोडत नसत. गावानं पहिलं वर्ष हात चोळण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी झुंबरबाईनं, तेव्हा ती पंचविशीची असेल, सरळ म्हशी पाण्यात घातल्या आणि सगळ्यात तगड्या म्हशीची शेपटी धरून आपणही मागोमाग गेली. सासऱ्यानं काठावरून शिव्या घातल्या. संध्याकाळी म्हशी फुगलेल्या पोटांनी परत आल्या तेव्हा तोच सासरा गप्प बसून धार काढायला लागला. पुढं अख्खं गाव त्या वाटेनं जायला लागलं.

दरसाल दिवाळीनंतर पाणी हळूहळू उतरायचं. खाली कागलच्या बाजूला नदीवरचे बंधारे भरायला धरणातनं पाणी सुटायचं, तसा हा फाटा आकसायचा आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर कोवळं गवत यायचं. शिमग्यापर्यंत म्हशी पोटाएवढ्या पाण्यातनं चालत जायच्या. यंदा शिमगा तोंडावर आला, तरी पाणी हलायचं नाव घेत नव्हतं. काठावरच्या झाडांचे बुंधे अजून बुडालेलेच होते.

ती दोरापाशी पोचली तोवर काठावरनं शिट्टी वाजली. शिट्टी फुंकणारा पिराजी गावातलाच. नव्या रिसॉर्टवर तो पहारेकरी म्हणून लागला होता आणि खाकी टोपी त्याला कानापर्यंत येत होती.

"मावशी, मागं फिरा! हितनं बंदी झालीया आजपास्नं!"

"कुणी घातली?"

"कंपनीनं! बोटी फिरणार हायत. सायब वरडतील मला!"

"तुझी आई ह्याच पाण्यातनं म्हशी न्यायची की रं पिऱ्या! तवा तुजा सायब कुठं हुता?"

तिनं दोर दोन्ही हातांनी वर उचलला. चंद्री खालून गेली, मग हरणी, मग सातव्या महिन्यातली गाभण भिंगरी, शेवटी पारडी. पिराजीनं शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली नाही.

पलीकडच्या काठाला लागता लागता पाण्यावर मोठा घरघराट झाला आणि वॉटर स्कूटरवर बसून रिसॉर्टचा मॅनेजर आला. ऋतुराज त्याचं नाव. पोरगा कोल्हापूर शहरातला, बोलायला गोड. त्यानं यंत्र बंद केलं. त्यानं उठवलेल्या लाटा म्हशींच्या नाकपुड्यांवर येऊन आपटल्या.

"मावशी, राग नका मानू. पुढच्या आठवड्यात आपला लेक फेस्टिवल आहे. बाहेरून पाहुणे येणार, स्कूटरच्या शर्यती होणार. मध्येच जनावर आलं तर माणूस मरेल. तेवढे दिवस म्हशी गोठ्यातच ठेवा."

"आनी खात्याल काय? तुमचं फेस्टिवल?"

"वैरण विकत घ्या की थोडे दिवस."

"पावणं," झुंबरबाई पदर पिळत म्हणाली, "तुमी खेळा की. आमी काय नगं म्हणतोय? एवढं मोठं पाणी पडलंय. पर ही आमची वाट हाय. वाट सोडून खेळा."

ऋतुराज हसला. त्या हसण्यात होकार नव्हता, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दोर तिथंच होता. तिनं तो उचलला. चंद्री कालच्यासारखी खाली शिरली आणि एकाएकी बिथरून बाजूला वळली. मागून येणारी भिंगरी मात्र सरळ गेली आणि तिथंच अडकली. दोराखाली नायलॉनचं जाळं सोडलं होतं. पाण्याच्या रंगाचं, वरून दिसणारंही नाही. भिंगरीचे पुढचे दोन्ही पाय त्यात गुंतले. तिनं जितके झटके दिले तितकं जाळं आवळत गेलं. तिचं डोकं एकदा वर आलं, डोळ्यांचं पांढरं दिसलं आणि परत खाली गेलं.

झुंबरबाईच्या कमरेला वैरणीचा विळा होता. तो दातांत धरून तिनं बुडी मारली. खाली सगळं गढूळ झालेलं. हाताला लागेल ते तिनं कापलं. भिंगरीचा खूर तिच्या खांद्यावर बसला, तरी ती कापत राहिली. दुसऱ्यांदा वर येऊन श्वास घेतला आणि परत खाली गेली. शेवटी जाळं सुटलं, म्हैस उसळून वर आली आणि दोघी मिळून कशाबशा काठाला लागल्या. पिराजी गळ्याएवढ्या पाण्यात येऊन उभा होता. त्याची टोपी वाहून गेली होती.

"मावशी, आईची आण, जाळं टाकल्यालं मला म्हाईत न्हवतं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

भिंगरी वाचली. पण दुपारी गोठ्यात ती गाभडली. झुंबरबाईनं ते मेलेलं रेडकू स्वतःच्या हातानं खड्ड्यात ठेवलं, वर माती लोटली आणि तिथंच उकिडवी बसली. तिच्या खांद्यावर खुराचा काळानिळा वण उठला होता. सून हळद गरम करून घेऊन आली, तर तिनं नको म्हणून हात हलवला.

सुनेचं नाव पूर्णिमा. बारावी झालेली. आता रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला जात होती. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला तिच्या हाताची चव होती आणि पाहुणे नाव विचारून कौतुक करायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला कुणी नावानं ओळखायला लागलं होतं. झुंबरबाईचा मुलगा बिद्रीच्या कारखान्यावर होता. हंगामात तो घरी यायचा तो झोपायलाच. त्यामुळं घरात बोलायला या दोघीच.

"आत्ती, एक बोलू?" पूर्णिमा म्हणाली. "आठ दिस दम धरा. फेस्टिवल झाल्यावर पाणी सोडणार हायत. मग म्हशी चालत जात्याल."

"पाणी कशापायी अडवलंय?"

"काठ भरल्याला दिसाय पायजे म्हणं. चिखल दिसला तर फोटो चांगलं येत न्हाईत."

झुंबरबाईनं मातीनं भरलेले हात झाडले.

"फोटो," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी चौकीवरनं बोलावणं आलं. कंपनीचं जाळं विळ्यानं कापून नुकसान केलं, अशी तक्रार होती. फौजदार वयानं मुलासारखा होता. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "आजी, पुन्हा पाण्यात उतरणार नाही एवढं बोला, मी मिटवून टाकतो."

"माझी म्हस गाभडली त्याची तक्रार कुणी घ्यायची?"

"तुमची म्हैस तिथं जायला नको होती."

"जाळं तिथं याय नको हुतं. म्हस तीस वर्स जातीया."

"आजी, मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"व्हय की. तुमी चांगलं हाईसा. चा बी चांगला हाय." तिनं कप खाली ठेवला. "पर मी म्हणणार न्हाय. उद्या बी जाणार. धरायचं असलं तर आत्ताच धरा, मला धारंला जायाचं हाय."

फौजदारानं कपाळाला हात लावला आणि तिला जाऊ दिलं. तक्रार मात्र त्यानं नोंदवली.

घरी न जाता ती तशीच धरणावरच्या कचेरीत गेली. तिथं धम्मपाल कांबळे नावाचे इंजिनियर होते. माणूस शिरोळचा. महापुरात त्यांचं घर दोनदा पाण्याखाली गेलं होतं, म्हणून धरणातलं पाणी वाढलं की त्यांना झोप लागत नाही, असं गावात म्हणत. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मावशी, या हंगामाचं पाणी आतापर्यंत नदीत सुटायला हवं होतं," ते म्हणाले. "खालचे बंधारे कोरडे पडायला लागलेत. मी दोनदा विचारलं. वरून सांगितलंय, कार्यक्रम होईपर्यंत थांबा."

"आनी आमची वाट?"

ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. "कंपनीला बोटी फिरवायची परवानगी दिलीय. काठ अडवायची नाही. जनावरांना पाण्यावर यायला कुणी बंदी करू शकत नाही."

"मग हे त्यास्नी सांगा की!"

"सांगितलं तर उद्या माझी बदली होईल. माझी मुलगी यंदा दहावीला आहे." ते कसनुसं हसले. "मी असं बोललो, हे बाहेर सांगू नका."

झुंबरबाई उठली. तिला त्यांचा राग आला नाही. भ्यालेलं जनावर तिला ओळखता येत होतं.

"न्हाय सांगत," ती म्हणाली. "तुमी गप बसा. माज्या म्हशी बोलत्याल."

त्या दिवसापासून दोराशेजारी एक बोट कायमची उभी राहिली आणि बोटीत बाहेरून आणलेली दोन माणसं. झुंबरबाई रोज म्हशी घेऊन काठापर्यंत जायची, उभी राहायची आणि परत यायची. गावाला वाटलं, म्हातारी नमली. धोंडुबाई शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "बरं झालं बाई, शाणी झालीस. मोठ्या लोकास्नी काय भिडायचं?" झुंबरबाई हिंगूळ, बेगड आणि घुंगुरमाळा शोधत होती.

फेस्टिवलच्या सकाळी तिनं म्हशींना चोळून धुतलं, अंगाला तेल लावलं. शिंगं तांबड्या हिंगुळानं रंगवली, वर चमकती बेगड चिकटवली, त्यांना मोरपिसं बांधली, गळ्यात माळा घातल्या. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवतात, तशा. भिंगरी अजून थकलेली होती, तिला ती गोठ्यात ठेवणार होती. पण बाकीच्या बाहेर निघाल्यावर भिंगरीनं असा हंबरडा फोडला की झुंबरबाईनं तिचंही दावं सोडलं.

"कुठं चाललीस गं नटवून?" धोंडुबाईनं कुंपणावरून विचारलं.

"चाराय."

"आज? तिथं अख्खं कोल्हापूर आलंय!"

"मग म्हशी उपाशी ठेवू व्हय?"

ती पुढं गेली. वळणापर्यंत तिनं मागं बघितलं नाही. वळणावर घुंगरांचा आवाज जरा जास्तच व्हायला लागला म्हणून बघितलं, तर धोंडुबाई आपल्या दोन म्हशी घेऊन पळत येत होती. तिच्या मागं बाबासो त्याच्या सहा, आणि त्याच्या मागं आणखी कुणी कुणी. कुणाच्या म्हशी नटलेल्या, कुणाच्या शेणानं भरलेल्या.

"मागं का लागलासा?" झुंबरबाईनं विचारलं.

"तुझ्या मागं कोन लागतंय?" बाबासो ओरडला. "आमच्या बी म्हशीस्नी पोट हाय की!"

काठावर मांडव पडला होता. रंगीत छत्र्या, खुर्च्या, लाऊडस्पीकर. कुठल्याशा खात्याचे मोठे साहेब फेटा बांधून बसले होते. धम्मपाल मागच्या रांगेत होते. पाण्यात सात-आठ वॉटर स्कूटर घरघरत ओळीनं उभ्या होत्या आणि ऋतुराज माईकवर आकडे उलटे मोजत होता. तीनवर आला आणि थांबला. उतारावरून चाळीस-पन्नास म्हशींचा काळा लोंढा खाली येत होता. घुंगरांच्या आवाजात त्याचा आवाज ऐकूही येईना.

म्हशींनी कुणाची वाट बघितली नाही. चंद्री पाण्यात शिरली तशा बाकीच्या शिरल्या. दोराजवळच्या बोटीतली माणसं उभी राहिली, काठ्या उगारल्या आणि समोरून येणारी शिंगं बघून बोट बाजूला घेऊन बसली. झुंबरबाई सगळ्यात पुढं होती. तिच्या मनात एकच धास्ती होती, जाळ्याची. परत नवं जाळं टाकलं असेल तर? या वेळी एक म्हैस नव्हती, अख्खं गाव मागं होतं. तिनं विळा हातात घेतला आणि बुडी मारायला छाती भरून घेतली.

तेवढ्यात रिसॉर्टच्या बोटींच्या धक्क्यावरनं हाक आली. "आत्ती! थांबा!"

रिसॉर्टचा निळा एप्रन घातलेली पूर्णिमा धक्क्याच्या टोकाला पालथी पडली होती. दोराचं टोक तिथं लोखंडी कडीला बांधलेलं होतं. तिच्या हातात स्वयंपाकघरातली मटण तोडायची सुरी होती. जाड दोर लवकर तुटेना. दोन माणसं तिच्याकडं पळत निघाली. पिराजी त्यांच्या आडवा झाला आणि हात पसरून उभा राहिला. मग दोर तटकन तुटला. नारिंगी डब्यांची ओळ सैल पडून लाटांबरोबर एका बाजूला सरकली आणि खालचं जाळंही तिच्याबरोबर ओढलं गेलं.

"जावा आता!" पूर्णिमा किंचाळली.

झुंबरबाईनं चंद्रीची शेपटी पकडली. पन्नास म्हशींची डोकी पाण्यावर, मोरपिसं भिजून मानेला चिकटलेली, मागं बायाबापड्या शेपट्यांना धरून. वॉटर स्कूटरवाल्या पोरांनी यंत्रं बंद केली. मांडवातले लोक उठून उभे राहिले, मोबाईल वर झाले आणि टाळ्या सुरू झाल्या. झुंबरबाईचं डोकं सणकलं.

"टाळ्या काय वाजवतासा?" तिनं पाण्यातनंच आवाज दिला. "तमाशा हाय व्हय ह्यो? बाजूला व्हा, वाट सोडा!"

टाळ्या थांबल्या. लाऊडस्पीकर खरखरला. ऋतुराजचा गोडवा आता पार गेला होता. "हे बेकायदेशीर आहे! धरणाचे साहेब इथंच आहेत, त्यांच्याच तोंडून ऐका. कांबळेसाहेब, सांगा यांना!"

धम्मपाल मागच्या रांगेतून उठून माईकपाशी आले. पाण्यात म्हशींचं फुरफुरणं चालूच होतं. मग धम्मपालांचा आवाज पाण्यावरून आला, आधी घोगरा, मग सरळ.

"जनावरांना पाण्यात यायला बंदी नाही. दोर बांधायला आणि जाळं टाकायला परवानगी दिलेली नव्हती. दोन्ही आजच काढावं लागेल." माईक बंद झाला असं वाटलं, पण ते आणखी बोलले. "आणि खालच्या गावांचं पाणी उशिरा सुटलंय. ते सोडायलाच पाहिजे."

पलीकडच्या काठाला चंद्रीचे पाय टेकले. झुंबरबाई चिखलात बसली, धाप लागेपर्यंत हसली आणि मग तिला रडू आलं. भिंगरी तिच्याशेजारी उभी राहून अंग झाडत होती.

पाणी त्याच आठवड्यात सुटलं. फाटा आकसत गेला. धम्मपालांची बदली झाली, पण मुलीची परीक्षा झाल्यावर. तेवढं कुणीतरी बघितलं असावं. पूर्णिमाचं काम फेस्टिवलच्याच दिवशी सुटलं आणि पिराजीचंही. जाळ्याची तक्रार मिटली नाही. आता तिच्यात दोराचीही भर पडली आणि सासू-सून दोघी मिळून तालुक्याला तारखेला जायला लागल्या. वकिलानं चूक कबूल करून मोकळं व्हायचं सुचवलं, तर पूर्णिमाच म्हणाली, "चूक झालीच न्हाय, तर कबूल काय करायचं?" झुंबरबाईनं त्या दिवशी तिच्याकडं वळून बघितलं आणि एसटीत तिला खिडकीची जागा दिली.

पावसाळा सरला, फाटा परत काठोकाठ भरला आणि एके दिवशी ऋतुराज बोरपाटीला आला. पायात बूट, हातात मिठाईचा पुडा. त्या दिवसाचे फोटो आणि व्हिडिओ लाखो लोकांनी बघितले होते आणि रिसॉर्टवर येणारा जो तो म्हशींबद्दल विचारत होता. तो अंगणात पोत्यावर बसला.

"मावशी, झालं गेलं विसरून जाऊ. दर रविवारी चार वाजता म्हशी अशाच नटवून पाण्यात घाला. आम्ही मोबदला देऊ. पूर्णिमाताईंनाही परत कामावर घेतो."

पूर्णिमा भाकरी थापता थापता थांबली. झुंबरबाईनं तिच्याकडं बघितलं. पूर्णिमानं नाही म्हणून हलकेच मान हलवली आणि परत भाकरी थापायला लागली.

"पावणं," झुंबरबाई म्हणाली, "माझ्या म्हशी चराय जात्यात. नाचाय न्हाय."

"बरं, नटवू नका. पण वेळ तरी ठरवून सांगा, आमचे पाहुणे नुसते काठावर उभं राहून बघतील."

"आमची येळ म्हशी ठरवत्यात. भूक लागली की निघत्यात."

"म्हणजे नक्की किती वाजता?"

"ते त्यास्नीच इचारा की. गोठा हितं मागंच हाय."

ऋतुराज उठला. मिठाईचा पुडा ठेवावा की न्यावा, हे त्याला कळेना. शेवटी त्यानं तो काखेत मारला आणि निघाला. गोठ्यातून एक म्हैस मोठ्यानं रेकली. झुंबरबाई काठी घेऊन उठली, तर तिच्याआधी पूर्णिमाच पीठ लागलेले हात पदराला पुसत दावं सोडायला निघाली होती.

"तुला पवाय कुठं येतंय?" झुंबरबाईनं विचारलं.

"शेपटी धरतो की," पूर्णिमा म्हणाली.